विद्येची निर्यात आणि सीमेवरील महाविद्यालये

व्यापारशास्त्राच्या परिभाषेत अलीकडे एक शब्दप्रयोग रूढ झाला आहे, तो म्हणजे 'उच्च शिक्षणाची निर्यात'. १ जानेवारी १९९५ पासून सेवांच्या व्यापाराचा जो जागतिक करार अमलात आला, त्याने शिक्षण ही सेवा व्यापारयोग्य सेवांच्या यादीत आणून बसविली, आणि ती सेवा एका देशातून दुसऱ्या देशात कोणत्या चार मार्गांनी जाते हेही निश्चित केले. पहिला मार्ग असा की, माणसे जागची हलत नाहीत, सेवाच सीमा ओलांडते. टपालाने शिकविणे अथवा दूरच्या केंद्रावर परीक्षा घेणे हा त्याचा नमुना. दुसऱ्यात विद्यार्थी सीमा ओलांडतो, तिसऱ्यात संस्था आणि चौथ्यात अध्यापक. वर्गीकरण चोख आहे. तथापि ते वाचताना मनात असे येते की, यांतील एकही मार्ग १९९५ साली नव्याने सापडलेला नाही. बेळगाव, निपाणी, कागल, कोल्हापूर आणि गोवा या टापूत हे मार्ग शतकाहून अधिक काळ वहिवाटीत आहेत. फरक इतकाच की, त्या काळी त्यांना कोणी व्यापार म्हणत नव्हते. या टापूचा शैक्षणिक इतिहास त्या दृष्टीने पाहावा आणि त्यातून काही निष्कर्ष निघतो का याचा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१८५७ साली मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकविणे हे त्यांचे काम नव्हते. परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हे त्यांचे काम होते. अशा विद्यापीठाला राजकीय सीमेचा अडथळा होत नाही. कलकत्ता विद्यापीठाशी रंगूनचे महाविद्यालय १९२० पर्यंत जोडलेले होते. काठमांडूचे त्रिचंद्र महाविद्यालय १९१८ साली निघाले. नेपाळ हे स्वतंत्र राज्य. पण त्याच्या विद्यार्थ्यांच्या परीक्षा पाटणा विद्यापीठ घेत असे, आणि नेपाळचे स्वतःचे त्रिभुवन विद्यापीठ १९५९ साली स्थापन होईपर्यंत उच्च शिक्षणाच्या बाबतीत त्या देशाला भारतीय विद्यापीठाच्या आश्रयाने राहावे लागले. शेजारच्या विकसनशील देशाला भारताने उच्च शिक्षण पुरविल्याचे हे एक ठळक उदाहरण होय. त्यात भारताला किती पैसा मिळाला हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि विचारण्यासारखा तो नव्हताही.

आपल्या टापूतही तोच प्रकार घडला. कोल्हापूर हे संस्थान होते. ब्रिटिश मुलुखाचे कायदे तेथे चालत नव्हते. तरीही १८८० साली तेथे सुरू झालेले राजाराम महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी संलग्न होते. म्हणजे परीक्षा मुंबईहून संस्थानात येत होत्या, आणि उलट दिशेने ब्रिटिश मुलुखातले विद्यार्थी संस्थानात शिकावयास जात होते. गोपाळ कृष्ण गोखले हे त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्यांचा जन्म १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील कोल्हापूरच्या छत्रछायेखालील कागल जहागिरीत नोकरीस होते. मुलाचे शिक्षण कागलास, मग कोल्हापुरास झाले. राजाराम महाविद्यालयातून ते पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले आणि १८८४ साली बी. ए. झाले. एका प्रदेशात जन्म, दुसऱ्यात शाळा, तिसरीकडे पदवी, असा हा प्रवास त्या काळच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचा होता. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे उभारण्यास उत्तेजन दिले, तेव्हा हा प्रवास गरिबांच्याही आवाक्यात आला. वसतिगृहाच्या दारावर सरहद्दीचा दाखला मागितला जात नव्हता, ही गोष्ट आज विशेषत्वाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

या सर्व काळात बेळगाव हे विद्या देणारे नव्हे, विद्या बाहेरून आणणारे गाव होते. मॅट्रिक झालेल्या मुलाने पुढे काय करावे? कोल्हापूरला राजाराम, पुण्याला १८८५ सालापासून फर्ग्युसन, धारवाडला १९१७ पासून कर्नाटक महाविद्यालय, सांगलीला १९१९ पासून विलिंग्डन. या चारांपैकी एक गाव गाठावे, आणि ऐपत नसेल तर नोकरी पत्करावी.

ही उणीव ज्यांना तीव्रतेने जाणवली, ते मुख्यतः कन्नड भाषिक शिक्षक होते, हे मराठी वाचकाने मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली होती. ध्येयवादी शिक्षकांनी अल्प वेतनावर आजन्म सेवा करावयाची ही कल्पना तिने रुजविली. १९१६ च्या नोव्हेंबरात बेळगावात सात तरुण शिक्षकांनी कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, तिच्यामागेही हीच प्रेरणा दिसते. शाळेपासून आरंभ करून या संस्थेने १९३३ साली बेळगावात शिरसंगीच्या लिंगराज देसायांच्या नावाने महाविद्यालय काढले. मराठी मुलखातून एक कल्पना सीमेपलीकडे गेली आणि तेथे ती कन्नड समाजाच्या स्वतःच्या कर्तृत्वाने फळास आली, असे याचे वर्णन करता येईल. आणखी एक गोष्ट यात आहे. मुंबई इलाख्यातील कन्नड जिल्ह्यांची तेव्हाची तक्रार अशी होती की, आपल्या मुलांना शिक्षणासाठी परभाषिकांच्या गावी जावे लागते, आणि आपल्या भाषेला शाळेत दुय्यम जागा मिळते. सीमाभागातील मराठी माणसाची आजची तक्रार शब्दशः तीच आहे. तक्रारदार बदलले, पण तक्रार बदलली नाही.

१९४५ साली साउथ कोकण एज्युकेशन सोसायटीने राणी पार्वतीदेवी महाविद्यालय काढले, आणि बेळगाव हे विद्या देणारे गाव झाले. ही विद्या कोणाला मिळाली हे पाहण्यासारखे आहे. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांचा अंमल होता. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती. परंतु कला व शास्त्र यांचे पदवी शिक्षण देणारे महाविद्यालय १९६१ च्या मुक्तीपर्यंत गोव्यात नव्हते. ज्या गोमंतकीय कुटुंबांना मुलांना पोर्तुगीज शिक्षणाच्या चाकोरीबाहेर न्यावयाचे होते, ती त्यांना घाट चढून बेळगावास, धारवाडास, पुण्यास अथवा मुंबईस पाठवीत. बेळगाव त्यांतले जवळचे गाव. जेथून ही मुले येत होती तो मुलूख कायद्याने परदेश होता. पण येणाऱ्याची भाषा, नातीगोती आणि देवदेवस्की घाटावरच्या माणसांना परकी नव्हती. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर बेळगावने परदेशाला उच्च शिक्षणाची निर्यात केली. त्या काळच्या बेळगावकराला मात्र हे वाक्य ऐकून हसू आले असते. मुक्तीनंतर १९६२ साली पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालये निघाली, १९८५ साली गोवा विद्यापीठ झाले, आणि तो ओघ स्वाभाविकपणे कमी झाला. ज्याला आपण विद्या देतो तो एके दिवशी स्वतःच्या पायांवर उभा राहावा, हे विद्यादानाचे यश होय. व्यापारात मात्र त्यालाच बाजारपेठ गमावणे म्हणतात. दोन दृष्टींतला भेद या एका उदाहरणावरून स्पष्ट व्हावा.

आता सीमेच्या प्रश्नाकडे वळू. सीमाभागाचा इतिहास सांगताना सर्वजण १ नोव्हेंबर १९५६ या तारखेपासून आरंभ करतात. राज्यपुनर्रचना झाली, बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून म्हैसूर राज्यात गेला, आणि वाद सुरू झाला. आमच्या मते शिक्षणाच्या क्षेत्रात ही सीमा त्याच्या सात वर्षे अगोदरच पडली होती. १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन पुढे शिक्षणाच्या बाबतीत पुण्याकडे गेले. आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या कर्नाटक विद्यापीठाकडे मुंबई राज्यातील कन्नड जिल्हे सोपविण्यात आले, त्यांत बेळगाव होते. म्हणजे ज्या वर्षी कोल्हापूर आणि बेळगाव यांच्यामधील संस्थानी सीमा पुसली गेली, त्याच वर्षी त्या दोन गावांमध्ये विद्यापीठाची सीमा उभी राहिली. दोन्ही गावे एकाच राज्यात असूनही त्यांच्या परीक्षा, पाठ्यपुस्तके आणि अभ्यासमंडळे वेगळी झाली. १९५६ च्या रेषेने या अलगपणावर फक्त शिक्कामोर्तब केले. विद्यापीठांची कार्यक्षेत्रे ठरविताना आपल्या विद्वानांनी या परिणामाचा पुरेसा विचार केला होता असे दिसत नाही, आणि हा दोष केवळ राजकारण्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

या अलगपणाला निपाणीने जे उत्तर दिले ते आपल्या शैक्षणिक इतिहासात बहुधा अपूर्व ठरावे. निपाणी हे तंबाखूच्या व्यापाराचे गाव, कोल्हापूरहून बेळगावास जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. १९५६ नंतर गाव एका राज्यात आणि त्याच्या उत्तरेचे कागल तालुक्यातील शिवार दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती झाली. १९६१ साली देवचंद शहा यांच्या पुढाकाराने जनता शिक्षण मंडळाचे महाविद्यालय निघाले, ते निपाणीच्या वेशीलगत, पण सीमेच्या अलीकडे, अर्जुननगर येथे. गाव कर्नाटकाचे, महाविद्यालय महाराष्ट्राचे. पुढच्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १९६२ रोजी, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि देवचंद महाविद्यालय त्या विद्यापीठाच्या परिवारात आले. सीमा हलविणे कोणाच्याही हाती नव्हते, म्हणून महाविद्यालयच सीमेपर्यंत आणून उभे केले. विद्यार्थ्याने सकाळी घरून निघावे, राज्य ओलांडून व्याख्यानाला बसावे आणि दुपारच्या जेवणाला आपल्या राज्यात परत यावे, असा हा क्रम. जागतिक कराराच्या भाषेत हा दुसरा मार्ग, सेवा घेणाऱ्याने सीमा ओलांडण्याचा. मात्र येथे ती एका दिवसात दोनदा ओलांडली जाते.

या महाविद्यालयाच्या परिसराचे महत्त्व पदव्यांपुरते नव्हते. सत्तरीच्या अखेरीस व ऐंशीच्या आरंभी निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी राहिली, तिच्यामागे प्राध्यापक सुभाष जोशी यांच्यासारखे शिक्षकी पेशातील लोक होते. १९८१ साली याच गावी तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचे आंदोलन झाले, गोळीबार झाला आणि शेतकरी मृत्युमुखी पडले. ज्या गावात इतके तीव्र संघर्ष चालू होते, तेथे वाचणारी, लिहिणारी आणि सभेत उभे राहून बोलणारी एक पिढी आपल्या भाषेतून शिकून तयार होणे याला किती मोल होते, हे अध्यापकवर्गाला वेगळे सांगावयास नको. शिक्षणाला 'सेवा' म्हणून तिची किंमत ठरविणारे जे कोष्टक असते, त्यात या मोलाचा रकाना नसतो.

इकडे बेळगावातही विद्येचा ओघ विस्तारत होता. कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटीने १९६३ साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. तेथून मलेशियाचे विद्यार्थीही वैद्यक शिकून गेले. पुढे २००६ साली या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि २०१० च्या सुमारास मलेशियातील सेन्स मलेशिया विद्यापीठाशी करार होऊन बेळगावात एक स्वतंत्र वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू झाला. त्याची रचना लक्षणीय आहे: विद्यार्थी मलेशियाचे, रुग्णालय आणि अध्यापन बेळगावचे, पदवी मात्र पेनांगच्या त्या विद्यापीठाची. येथे निर्यातदार कोण, याचा निर्णय करणे कठीण आहे. अध्यापन बेळगावने दिले, मुद्रा मलेशियाने उमटविली. दक्षिणेत मणिपालच्या संस्थेने १९९४ साली नेपाळात पोखरा येथे वैद्यकीय महाविद्यालय काढले, ते तिसऱ्या मार्गाचे उदाहरण; तेथे संस्थेने सीमा ओलांडली आणि पदवी काठमांडू विद्यापीठाची राहिली. पाटणा विद्यापीठाच्या काळात नेपाळात शिकवीत नेपाळी आणि शिक्का भारतीय; पोखऱ्यात शिकविणारी संस्था भारतीय आणि शिक्का नेपाळी. सात दशकांत संबंध उलटा झाला, आणि तो तसा व्हावा हेच इष्ट होते.

परदेशी विद्यार्थ्यांची दुसरी कथा याच परिसरातील एका गृहस्थाशी निगडित आहे. गडहिंग्लज हे निपाणी-संकेश्वरच्या शेजारचे गाव. तेथील शां. ब. मुजुमदार पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. मॉरिशसचा एक विद्यार्थी कावीळ होऊन वसतिगृहात एकटा पडलेला आहे आणि एक मुलगी खिडकीतून त्याला अन्न देत आहे, हे दृश्य त्यांनी पाहिले. परदेशातून आलेल्या मुलांची पुण्यात विचारपूस करणारे कोणी नाही ही खंत त्यांच्या मनाला लागली, आणि त्यातून १९७१ साली सिंबायोसिस ही संस्था जन्मास आली. सहजीवन असा तिच्या नावाचा अर्थ. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला तो सुचावा हे साहजिकच. ती संस्था पुढे किती विस्तारली हे सर्वश्रुत आहे. आरंभ मात्र एका आजारी परक्या मुलाच्या जेवणापासून झाला, हे विसरता कामा नये.

आता या इतिहासातून निघणाऱ्या विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर महाविद्यालये संलग्न करून घेता येत नाहीत. छत्तीसगडमधील खाजगी विद्यापीठांविषयी २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने जो निर्णय दिला, त्याने ही मर्यादा अधिक स्पष्ट झाली. त्या निर्णयामागे योग्य कारण होते; नावापुरती विद्यापीठे काढून देशभर दुकाने मांडण्याला आळा घालणे आवश्यक होते. परंतु परिणाम असा की, शिवाजी विद्यापीठाचे कार्यक्षेत्र अर्जुननगरला संपते आणि निपाणीच्या पेठेत त्याला एक वर्गही उघडता येत नाही. निपाणीतील महाविद्यालये २०१० साली बेळगावात स्थापन झालेल्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कक्षेत मोडतात. दुसरीकडे, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली नियम करून परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याची वाट मोकळी केली. म्हणजे समुद्रापलीकडच्या विद्यापीठाला बेळगावात येण्याचा मार्ग आहे, पण दोन अडीच तासांच्या अंतरावरील कोल्हापूरच्या विद्यापीठाला नाही. दूरच्या देशाशी जे जमते ते शेजाऱ्याशी जमू नये, याला धोरण म्हणणे कठीण आहे.

महाराष्ट्र शासनाने यावर एक तोडगा काढला आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला आहे. त्या भागातील मान्य शाळेतून परीक्षा उत्तीर्ण होणे आणि मातृभाषा मराठी असणे, या त्याच्या मुख्य अटी. महाराष्ट्राने ज्या ८६५ गावांवर हक्क सांगितला आहे, तेथील मुलांना याचा उपयोग होतो, आणि ती सोय असावी याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु तिचा दुसरा अर्थही समजून घेतला पाहिजे. मातृभाषा ही येथे प्रवेशपत्रिकेतील एक नोंद ठरते. मुलगा मराठी म्हणून आत येतो; आत आल्यावर अभियांत्रिकी अथवा वैद्यक बहुशः इंग्रजीतून शिकतो. भाषेच्या नावाने दार उघडावे आणि आत त्या भाषेला काम नसावे, ही स्थिती समाधानकारक नव्हे. शिवाय ही सोय घेणारा बुद्धिमान मुलगा पुण्यामुंबईस जातो व बहुधा परतत नाही. अर्जुननगरचे महाविद्यालय विद्या गावापर्यंत आणते. प्रवेशाची सवलत गावातला विद्यार्थी बाहेर नेते. दोन्ही आवश्यक असतील, पण त्यांचा परिणाम एक नव्हे.

भाषेचा हाच प्रश्न बेळगावच्या वैद्यकीय शिक्षणातही उभा राहतो. विद्यार्थी कोणत्याही देशाचा असो, पुस्तक आणि परीक्षा इंग्रजी; पण खाटेवरचा रुग्ण कन्नड किंवा मराठी बोलतो. दुखणे केव्हापासून आहे, कळ कशी येते, भूक लागते का, हे प्रश्न रुग्णाच्या भाषेतच विचारावे लागतात. ज्या विद्येची निर्यात होते ती अखेर चिकोडी, खानापूर, हुक्केरी येथील गोरगरीब रुग्णांच्या देहावर शिकलेली विद्या असते. निर्यातीच्या जमाखर्चात या रुग्णांच्या वाट्याला काय जमा होते, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत होणार नाही.

या सर्व विवेचनाचा सारांश आम्ही असा काढतो. या टापूत विद्या सीमा ओलांडून गेली ती तीन प्रकारांनी. बेळगावने गोव्याला दिली ती शेजारधर्म म्हणून; देवचंद महाविद्यालयाने निपाणीला दिली ती भाषेचे नाते म्हणून; बेळगावच्या वैद्यकीय संस्थेने मलेशियाला दिली ती करार म्हणून. यांपैकी तिसऱ्या प्रकाराला शासनाचे नियम, विद्यापीठांचे ठराव आणि द्रव्याचे पाठबळ लाभते. पहिल्या दोन प्रकारांच्या मागे केवळ माणसांची इच्छा असते. कराराला आमचा विरोध नाही. पण करार परदेशाशी होऊ शकतो तर शिवाजी विद्यापीठ आणि राणी चन्नम्मा विद्यापीठ यांच्यातही तो व्हावयास हवा: मराठी व कन्नड या विषयांचे संयुक्त अभ्यासक्रम, परस्परांच्या ग्रंथालयांचा मुक्त वापर, अध्यापकांची अदलाबदल आणि संशोधनाला दोन्हीकडे मान्यता. त्यासाठी सीमाप्रश्नाचा निकाल लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा न्यायालयात ज्या गतीने चालावयाचा त्या गतीने चालेल. तोवर वर्गात बसलेल्या मुलाचे वय थांबणार नाही.

आपल्यासारख्या साहित्यसंस्थांनाही एक काम करता येईल. अर्जुननगर, बेळगाव, निपाणी येथील महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांतून, अहवालांतून आणि निवृत्त अध्यापकांच्या आठवणींतून सीमेवरील शिक्षणाचा इतिहास विखुरलेला आहे. तो गोळा करावा, आणि कन्नड अभ्यासकांच्या सहकार्याने गोळा करावा. कारण त्यातील अर्धे कागद कन्नडात आहेत आणि ते वाचणारे मराठी अध्यापक दिवसेंदिवस कमी होत आहेत. शेजाऱ्याची भाषा न शिकता शेजाऱ्याला विद्या देता येत नाही, आणि त्याच्याकडून घेताही येत नाही.